मुलगा १० वर्षांचा, वजन ४८, झोप जेमतेम सहा तास: लेप्टिनची टेस्ट करू का?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे म्हणून आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा १० वर्षांचा, पाचवीत, उंची १४० सेंमी, वजन ४८ किलो. रात्री साडेअकरा-बाराच्या आत झोपत नाही, सकाळी सहाला हलवून हलवून उठवावं लागतं कारण ६:३५ ला व्हॅन दारात येते. एका रीलमध्ये तुम्ही ऐकलंत की झोप कमी झाली की लेप्टिन नावाचं हार्मोन कमी होतं, घ्रेलिन वाढतं आणि त्यामुळे मुलं जाड होतात. तर लेप्टिनची टेस्ट करायची का, मेलाटोनिनच्या गमी ऑनलाइन मिळतात त्या द्यायच्या का, आणि सासूबाई म्हणतायत तसं "वयात आला की उंच होईल, आपोआप झडेल" यावर विसंबून राहायचं का. शिवाय धाकटी सव्वा वर्षाची आहे, तिचं असं होऊ नये म्हणून काय करायचं.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि गेली बरीच वर्षं वाढीचे, वजनाचे प्रॉब्लेम असलेली मुलंच जास्त बघते. मुलाला समोर न बघता जेवढं सांगता येतं तेवढंच सांगते, आणि जिथे तपासूनच ठरेल तिथे तसं लिहिते.

पहिलं म्हणजे वजन खरंच जास्त आहे का. हो, आहे. ४८ किलो आणि १४० सेंमी म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साधारण २४.५ येतो. मोठ्या माणसाला हा आकडा "थोडं जास्त" वाटेल पण लहान मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे तक्त्यावर बघायचा असतो. आपल्याकडे इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सचे २०१५ चे ५ ते १८ वयाचे तक्ते आहेत, त्यात मोठ्यांच्या २३ आणि २७ बीएमआयच्या बरोबरीच्या दोन रेषा दिलेल्या असतात, आणि तुमचा मुलगा त्यातल्या वरच्या रेषेच्याही वर आहे. म्हणजे "खात्यापित्या घरचा" वगैरे नाही, याला लठ्ठपणाच म्हणायचं. हे मी तुम्हाला लिहितेय हं, त्याच्यासमोर हा शब्द वापरायची काही गरज नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी ओपीडीत रोज ऐकते आणि त्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही, उंची वाढताना वजन तेवढंच राहिलं तर मूल सडपातळ दिसायला लागतं. पण ते "आपोआप" होत नाही, बहुतेक मुलांचं वजन उंचीबरोबर वाढतच राहतं. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, जास्त खाण्याने वजन वाढलेली मुलं या वयात बाकीच्या मुलांपेक्षा उंचच असतात, कारण त्यांच्या हाडांचं वय थोडं पुढे धावतं. म्हणून आत्ता तो वर्गात मागच्या रांगेत उभा राहतो याचा अर्थ पुढेही तेवढाच उंच होणार असा नाही, या मुलांची वाढ बऱ्याचदा लवकर संपतेही.

पण ही उंची मला दुसऱ्या कारणासाठी उपयोगी पडते. वजन जास्त आणि उंचीही वयाच्या मानाने चांगली असेल तर थायरॉइड, कॉर्टिसॉल असल्या हार्मोनच्या आजाराची शक्यता फार कमी. वजन वाढतंय पण उंची थांबलीये, मूल वर्गात सगळ्यात बुटकं होत चाललंय, तेव्हा मी घाबरते आणि टेस्ट लिहिते. तुमच्या मुलाचं तसं दिसत नाही. मागच्या दोन-तीन वर्षांच्या उंचीच्या नोंदी असतील तर काढून बघा, शाळेच्या हेल्थ कार्डवर सापडतील.

आता रीलकडे येऊ. त्यातलं खोटं काही नाही, पण अर्धंच सांगितलंय.

लेप्टिन चरबीच्या पेशींत तयार होतं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या लॅबमध्ये ते सापडलं, आणि त्याचं काम म्हणजे मेंदूला कळवत राहणं की साठा पुरेसा आहे. घ्रेलिन १९९९ मध्ये जपानमध्ये सापडलं, ते मुख्यतः जठरात तयार होतं, जेवणाआधी वाढतं, जेवल्यावर उतरतं, म्हणजे भूक लावणारं. झोपेशी यांचा संबंध जोडणारा जो प्रयोग सगळीकडे सांगितला जातो तो २००४ चा, शिकागो विद्यापीठातला. त्यात दोन रात्री फक्त ४ तास झोपायला दिलं आणि दोन रात्री १० तास, आणि कमी झोपेत लेप्टिन १८ टक्के कमी, घ्रेलिन २८ टक्के जास्त आणि भूक साधारण २४ टक्के जास्त निघाली. मोठाच फरक आहे. पण तो प्रयोग होता १२ जणांवर, आणि ते सगळे विशीतले निरोगी तरुण पुरुष. दोन रात्री, ४ तास झोप, खाणंही प्रयोगात ठरवून दिलेलं. तुमचा मुलगा १० वर्षांचा आहे, सहा तास झोपतो, महिनोन्महिने, आणि फ्रिज त्याच्या हाताशी आहे. एकाचं दुसऱ्याला जसंच्या तसं लावता येत नाही.

मुलांवरचा माझ्या आवडीचा अभ्यास २०१३ चा आहे, अमेरिकेतला, ८ ते ११ वयाची ३७ मुलं, म्हणजे अगदी तुमच्या मुलाच्या वयाची. घरच्या घरी, एक आठवडा रोज दीड तास जास्त झोपवलं आणि एक आठवडा दीड तास कमी, आणि दोन आठवड्यांची तुलना केली. जास्त झोपेच्या आठवड्यात मुलांनी दिवसाला सरासरी १३४ कॅलरी कमी खाल्ल्या आणि वजनही साधारण पाव किलोच्या आसपास कमी भरलं. आता गंमत बघा. घ्रेलिनमध्ये काही फरकच नाही. आणि लेप्टिन जास्त झोपेत वाढायला हवं ना रीलच्या हिशोबाने? ते कमी झालं. म्हणजे मुलांनी कमी खाल्लं, वजन थोडं उतरलं, तरी हार्मोनचे आकडे त्या सोप्या गोष्टीप्रमाणे हलले नाहीत. यावरून मी एवढंच घेते की झोपेचा वजनावर परिणाम होतो हे खरं, पण मुलांमध्ये तो कुठल्या रस्त्याने होतो ते लेप्टिन-घ्रेलिनच्या दोन बाणांच्या चित्रात बसत नाही.

मग लेप्टिनची टेस्ट का नको ते यातूनच कळेल. लठ्ठ मुलांमध्ये लेप्टिन कमी नसतं, जास्तच असतं, कारण चरबी जास्त म्हणजे लेप्टिन जास्त. प्रॉब्लेम असा की मेंदू त्याला दाद देईनासा होतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर इतके मेसेज येतात की शेवटी आपण ग्रुप म्यूट करतो ना, तसंच. त्यामुळे टेस्ट केलीत तर रिपोर्टमध्ये "हाय" येईल, तुम्ही घाबराल, आणि माझ्या उपचारात काडीचाही बदल होणार नाही. वर पैसे जातील ते वेगळेच. लेप्टिन खरंच मोजावं लागतं ते जन्मजात कमतरतेत. १९९७ मध्ये केंब्रिजच्या गटाने पाकिस्तानी मूळ असलेल्या एका कुटुंबातल्या, एकमेकांच्या नात्यातल्या दोन मुलांमध्ये ती शोधली, आणि पुढे लेप्टिनच्या इंजेक्शनने अशा मुलांमध्ये जबरदस्त फरक पडला. पण ही मुलं पहिल्या काही महिन्यांतच प्रचंड वजन वाढवायला लागतात, भूक अशी की अन्नासाठी आकांत करतात, आणि हा आजार फार म्हणजे फारच दुर्मिळ आहे. पाच वर्षांच्या आत असं काही झालं असेल, किंवा आईवडील जवळच्या नात्यातले असतील आणि वजन अगदी तान्हेपणापासून बेसुमार असेल, तरच मी त्या दिशेने विचार करते.

टेस्ट करायच्याच असतील तर वेगळ्या. साखर आणि एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, लिव्हरसाठी एसजीपीटी, आणि बीपी बघणं, जे बऱ्याच ठिकाणी मुलांचं बघितलंच जात नाही कारण दंडाला बांधायचा लहान मापाचा पट्टा नसतो. मानेवर मागच्या बाजूला, काखेत काळी मखमलीसारखी जाड त्वचा दिसते का बघा. खूप आया ती मळ समजून घासत बसतात, बेसन लावतात, लिंबू लावतात, पोराची मान लाल होते पण काळेपणा जात नाही. तो मळ नाही, शरीरात इन्सुलिन जास्त असल्याची खूण आहे, आणि वजन आटोक्यात आलं की फिकट होते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, बहुतेक डॉक्टर करतातच, पण ती ६-७ आली तर लगेच "थायरॉइड निघाला, म्हणून वजन वाढलं" असं मानू नका. लठ्ठपणामुळेच टीएसएच थोडी वर जाते, वजन उतरलं की बऱ्याचदा तीही उतरते. ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

आता एक प्रश्न जो तुम्ही विचारलाच नाहीये पण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो घोरतो का?

सर्दी असताना घोरणं वेगळं. पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन मग मोठ्याने ओढतो, झोपेत घाम येतो, मान मागे टाकून विचित्र अवस्थेत झोपतो, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय, सकाळी डोकं दुखतं म्हणतो, दिवसा चिडचिड करतो किंवा वर्गात लक्ष नाही अशी बाईंची तक्रार येते, यातलं काही असेल तर झोपेचे तास वाढवून भागणार नाही. याला स्लीप अॅप्निया म्हणतात, टॉन्सिल आणि अॅडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातली गाठ) मोठे असणं हे मुलांमधलं नेहमीचं कारण, आणि वजन जास्त असलं की धोका अजून वाढतो. तो दहा तास अंथरुणात असेल पण झोप तुकड्या-तुकड्यांची होईल. यात ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, गरज पडली तर रात्रभराची झोपेची तपासणी करायची. एक सांगून ठेवते, टॉन्सिल-अॅडेनॉइड काढल्यावर झोप सुधारते पण वजन कमी होईल अशी आशा ठेवू नका, ऑपरेशननंतर बऱ्याच मुलांचं वजन उलट वाढतं. आणि भारतीय घरांत "बापावर गेलाय, गाढ झोपतो" म्हणून घोरण्याचं कौतुक होतं ते थांबवायला हवं.

घोरणं नाही असं धरून पुढे जाते.

१० वर्षांच्या मुलाला किती झोप लागते? ६ ते १२ वयाला २४ तासांत ९ ते १२ तास, ही अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ ची शिफारस आहे आणि आम्हीही तीच वापरतो. तुमचा मुलगा सहा-सव्वासहा तास झोपतोय, म्हणजे कमीत कमी पावणेतीन तास रोज कमी. रविवारी अकरापर्यंत झोपतो असं तुम्ही लिहिलंय, ते आळसाने नाही हो, शरीर वसुली करतंय. फक्त त्या वसुलीने रविवारी रात्री झोप अजून लांबते आणि सोमवारची सकाळ रडारडीची होते.

या कमी झोपेतून वजन कसं वाढतं ते माझ्या अनुभवातून सांगते, कारण घराघरांत तेच चित्र दिसतं. रात्री साडेआठ-नऊला जेवण होतं. तो बाराला झोपतो, म्हणजे मध्ये तीन तास. या तीन तासांत कोणीही मूल काकडी मागत नाही. फरसाण, बिस्किटं, चिप्स, दोन मिनिटांच्या नूडल्स, नाहीतर "भूक लागलीये" म्हटल्यावर आई प्रेमाने देते ते चॉकलेट पावडरचं दूध दोन चमचे साखर घालून. दमलेल्या मेंदूला गोड, खारट, तळलेलं जास्त हवंसं वाटतं हे प्रयोगांतूनही दिसलंय, पण त्यासाठी प्रयोग कशाला, आपण स्वतः नाइट ड्युटीला काय खातो ते आठवा. मग सकाळी सहाला उठवल्यावर पोटात भूक नसते, शरीराच्या घड्याळात अजून रात्रच चालू असते, तो न खाता जातो, आणि साडेनऊच्या सुट्टीत कँटीनचा वडापाव किंवा समोसा. दुपारी घरी येऊन जेवतो आणि थकून दीड-दोन तास झोपतो, म्हणून रात्री पुन्हा झोप येत नाही. संध्याकाळी खेळायला जायला अंगात त्राण नाही. असं हे चक्र फिरतं. यात हार्मोन आहेतच, इन्सुलिनला शरीराची दाद कमी होणं, कॉर्टिसॉलचं रोजचं वेळापत्रक बिघडणं, हे सगळं आहे, पण तुमच्या हातात जे आहे ते म्हणजे ते तीन तास.

वरच्या अभ्यासातल्या १३४ कॅलरी म्हणजे काय, तर साधारण पाच-सहा ग्लुकोज बिस्किटं. ऐकायला किरकोळ वाटतं. रोज, वर्षभर धरा मग समजेल.

आणि मी वजनाच्या मुलांमध्ये सुरुवात बऱ्याचदा झोपेपासून करते, डाएटपासून नाही, त्याचं एक कारण डॉक्टरी आहे आणि एक माणुसकीचं. डाएट म्हटलं की मुलाला कळतं की माझ्यात काहीतरी खोट आहे, बहीण पोळीला तूप घेते आणि मला नाही, आजी लपवून लाडू देते, मग चोरून खाणं सुरू होतं, घरात रोज भांडण. झोपेचं तसं नाही. "सगळ्यांनी दहाला दिवे बंद" यात कोणाकडे बोट दाखवलं जात नाही. आणि झोप सावरली की रात्रीचं खाणं न बोलता कमी होतं, सकाळी भूक लागते, संध्याकाळी पळायला जीव येतो, मग खाण्याचा विषय काढणंही सोपं जातं. नुसत्या झोपेने ४८ चे ४० होतील असं मात्र मी म्हणत नाही, खाणं आणि खेळ यांना हात लावावाच लागेल. क्रम तेवढा माझा असा असतो.

मेलाटोनिनच्या गमी. माझं उत्तर सध्या नको. मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर मेंदूतून सुटणारं हार्मोन आहे, ते शरीराला "रात्र झाली" एवढं सांगतं, झोपेची गोळी नाही ते. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) अशा काही मुलांना आम्ही देतो, डोस ठरवून, वेळ ठरवून. पण ज्या मुलाच्या तोंडासमोर साडेअकरापर्यंत मोबाइल आहे त्याला गमी देणं म्हणजे एकीकडे रात्र सांगायची आणि दुसरीकडे दिवस दाखवायचा. दुसरं म्हणजे गमीत लेबलवर लिहिलेलं तेवढंच असतं असं नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ गमी तपासल्या तर २२ मध्ये लेबल आणि आतला माल जुळत नव्हता, एकीत तर मेलाटोनिन अजिबातच नव्हतं. आणि वजन कमी करायला म्हणून तर ते मुळीच देत नाहीत. चव चांगली असते, धाकटीच्या हाताला लागली तर गोळ्या समजून डबी संपवेल, हेही लक्षात घ्या.

त्यापेक्षा त्याचं स्वतःचं मेलाटोनिन वेळेवर सुटू द्या. मुलांचे डोळे उजेडाला मोठ्यांपेक्षा फार जास्त संवेदनशील असतात, जपानमध्ये २०१४ साली शाळकरी मुलं आणि मोठी माणसं यांची तुलना केली तेव्हा त्याच उजेडात मुलांचं मेलाटोनिन मोठ्यांच्या जवळपास दुप्पट दबलं. आपल्या घरांत रात्री अकरालाही हॉलमध्ये पांढरी ट्यूब ढणढण पेटलेली असते. रात्री नऊनंतर ती बंद करून कोपऱ्यातला एक पिवळा बल्ब लावा, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे, आणि मी सांगितलेल्या गोष्टींपैकी लोक हीच सगळ्यात पटकन करतात आणि फरकही दिसतो. नुसत्या "मोबाइल ठेव" ओरडण्यापेक्षा बरं.

आता वेळ कशी मागे आणायची. बाराचे एकदम साडेनऊ करायला जाऊ नका, तो दोन तास अंथरुणात लोळेल आणि तुम्ही दोघं वैतागाल. उठायची वेळ आधी पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही फार तर तासभर उशीर, अकरा वगैरे बंद. उठल्या उठल्या गॅलरीत किंवा खिडकीत उजेडात न्या. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, तीननंतर अजिबात नको, पहिला आठवडा संध्याकाळी पेंगेल, चालेल. मग झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं मागे. बारावरून साडेनऊवर यायला सव्वा महिना जाईल, जाऊ द्या. रात्रीचं जेवण आठपर्यंत, जेवताना टीव्ही बंद, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. भूक लागलीच तर साधं दूध किंवा केळं, पावडर नको. मोबाइलचं चार्जिंग हॉलमध्ये, आणि हो, बाबांच्या मोबाइलचंही.

इथे प्रत्येक घराचं वेगळं असतं आणि ते मला माहीत नाही, म्हणून हे जसंच्या तसं घेऊ नका. बाबा दहाला घरी येतात आणि मुलगा त्यांच्यासाठी जागा राहतो असं तुम्ही लिहिलंय. ठाण्या-डोंबिवलीकडच्या लोकलने येणाऱ्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे आणि त्यावर "बाबांनी लवकर यावं" हा सल्ला देण्यात अर्थ नाही. काही घरांनी बाबांची वेळ सकाळी हलवली, बाबा पंधरा मिनिटं लवकर उठून त्याला व्हॅनपर्यंत सोडायला जातात, गप्पा तिथे. रात्री फक्त एक व्हिडिओ कॉल, नऊला. पहिले चार दिवस रडू येईल. घर एका खोलीचं असेल, मोठ्यांची मालिका साडेदहापर्यंत चालत असेल तर तेही आड येतं, मग आजींना हेडफोन लावून मोबाइलवर मालिका बघायला शिकवलेलं मी बघितलंय, आणि आजी खूश होत्या. क्लास साडेआठला सुटत असेल आणि शाळेच्या ग्रुपवर होमवर्क रात्री नऊला पडत असेल तर मात्र तुम्हाला कुठेतरी "नाही" म्हणावं लागेल. पाचवीच्या मुलाचा एक क्लास कमी झाला तर आभाळ कोसळत नाही.

शाळेच्या वेळेचं म्हणाल तर तुमचा संताप बरोबर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडला होता. पण ते चौथीपर्यंत. तुमचा मुलगा पाचवीत गेला आणि परत सातच्या शाळेत अडकला. १० व्या वर्षी झोपेची गरज काही एकदम कमी होत नाही, पण नियम तिथे संपतो. पालकसभेत विचारा जरूर, तोवर आपल्या हातात रात्रीची बाजू आहे.

धाकटीबद्दल. सव्वा वर्षाच्या बाळाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप हवी. न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये ८०० कुटुंबांवर एक मोठा अभ्यास झाला, बाळ जन्मायच्या आधीपासून काही आईवडिलांना खाण्या-हालचालीचा सल्ला, काहींना फक्त झोपेचा, काहींना दोन्ही, काहींना नेहमीचंच. सरासरी बीएमआय दोन वर्षांच्या वयाला सगळ्या गटांत सारखाच होता, पण लठ्ठ म्हणावं अशा बाळांची शक्यता झोपेचा सल्ला मिळालेल्यांत जवळपास निम्मी निघाली. सल्ला काही जगावेगळा नव्हता, बाळ दमलंय हे ओळखा, पूर्ण झोप लागायच्या आधी जागं-पेंगुळलेलं असताना खाली ठेवा, प्रत्येक कुरकुरीला लगेच पाजू नका, अशा धर्तीचा. आपल्याकडे बाळ आईजवळ झोपतं, पाळण्यात झोके देतात, ते सगळं मोडा असं मी म्हणणार नाही. फक्त दादाबरोबर तीही बारापर्यंत जागी असते असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय, तिला साडेआठला वेगळं झोपवा. आणि रात्री दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवत असाल तर ती आत्ताच सोडवा, दातांसाठीसुद्धा.

किती दिवसांत फरक दिसेल? झोपेचा तीन-चार आठवड्यांत, सकाळच्या चिडचिडीवरून तुम्हालाच कळेल. वजनाचा काटा मात्र दर रविवारी काढू नका, मुलाला तो परीक्षेसारखा वाटायला लागतो. तीन महिन्यांतून एकदा, उंचीबरोबर. या वयात वर्षाला साधारण ५-६ सेंमी उंची वाढते. समजा वर्षभरात तो १४६ झाला आणि वजन ४८ च राहिलं, एक किलोही कमी न होता, तरी बीएमआय २४.५ वरून २२.५ वर येतो. मी त्याला उत्तम रिझल्ट म्हणते आणि आईवडिलांना "काहीच कमी नाही झालं" असं वाटत असतं.

घोरण्याबद्दल तेवढं बघून इथे खाली लिहा. झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी, आणि पुन्हा एकदा पहाटे चार-साडेचारला, खोलीत जाऊन दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असा, आवाज चालू ठेवून. पहाटेचा जास्त महत्त्वाचा, मुलांचा श्वास त्या वेळच्या झोपेत जास्त अडकतो. तो व्हिडिओ तुमच्या डॉक्टरांना दाखवा, इथे टाकू नका.